आतून काढलेलं दार

१

वणवीचा गाल जळाला होता, आणि मालकांचं म्हणणं असं की ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चार भिंतींबाहेर जाता कामा नये.

कार्टून बनवणाऱ्या त्या स्टुडिओच्या दर्शनी दालनात वणवीचा पुतळा उभा होता. फायबरचा, माणसापेक्षा हातभर उंच, गुलाबी बूट, दोन वेण्या आणि गालावर सोनेरी चांदणी. पाठीमागे प्लायवूडचा खेळण्यांचा राजवाडा. संध्याकाळी पहिला भाग दाखवायचा होता. शंभरेक मुलं, त्यांचे आईबाप आणि वाहिनीचे बडे लोक येणार होते. पहाटे रखवालदाराला धुराचा वास आला, त्यानं बादल्या ओतून आग विझवली. राजवाड्याचा अर्धा भाग कोळसा झाला होता आणि वणवीच्या डाव्या गालावर फोड आले होते. चांदणी वितळून हनुवटीपर्यंत ओघळली होती.

मालकांनी बोलावलं ते राखेबुवांना. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत आयुष्यभर आगीच्या दाव्यांची पाहणी केली, जळक्या गोदामांत बसून राख चाळली, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. निवृत्त झाले तरी ते चिकटूनच राहिलं.

"कुणी केलं ते मला ठाऊक आहे," मालक म्हणाले. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

"मग मला कशाला बोलावलंत? सहीचा शिक्का करून घ्यायचा होतात."

मालक ओशाळले. "अहो, चित्रकारीणबाईंचं काम आहे हे. मूळ चित्रकथा त्यांची. आम्ही वणवीत जो जो बदल केला, त्या प्रत्येकावर त्या भांडल्या. मूळ वणवीचा गाल भाजलेला होता, आम्ही तिथे चांदणी काढली. आज बघा, बरोब्बर तोच गाल जाळलाय. आणखी काय पुरावा हवा?"

राखेबुवांचे गुडघे कुरकुरत होते, तरी ते फरशीवर बसले, मग चक्क आडवे झाले. राजवाड्याची जळकी फळी त्यांनी खालून वर पाहिली, नखानं खरवडली, हुंगली. मग उठून पुतळ्याच्या गालावरून बोट फिरवलं.

"आग नेहमी वर चढते, मालक. जिथे लागते तिथे खोल खाते आणि वर पसरत जाते. ही फळी तळाशी आरपार गेलीय, थिनर ओतला होता तिच्यावर. पुतळ्याच्या फक्त फळीकडच्या गालाला आच लागलीय. आग गालाला लावली नव्हती, ती गालापर्यंत पोचली."

"म्हणजे?"

"म्हणजे वणवीला कुणाला जाळायचंच नव्हतं. जाळायची होती ती ही मागची फळी. काय होतं हिच्यावर?"

मालक गोंधळले. "हिच्यावर? काहीच नाही हो. एक दार होतं."

२

लेखक वरच्या मजल्यावर, रिकाम्या कपांच्या गराड्यात बसला होता. पस्तिशीचा, किडकिडीत, जिभेला धार असलेला माणूस. आगीचं ऐकून त्याला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही.

"मी लहान असताना वणवी दप्तरात लपवून वाचायचो," तो म्हणाला. "बाहुल्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी पोर. काजळ्या नावाचा राक्षस कारखान्याला आग लावतो. बरोबरच्या सगळ्या मुली मरतात. ही अर्धा गाल भाजून बाहेर येते आणि तळहातात निखारा घेऊन एकेकाला शोधत फिरते. कुणालाही माफ करत नाही. आम्ही घाबरायचो, आणि परत परत वाचायचो."

"आणि तुम्ही लिहिलेली?"

"माझी वणवी?" तो खिन्न हसला. "पहिल्यांदा नाव गेलं. वणवीची वणू झाली. निखारा गेला, तिथे चमकी आली. कारखान्याचा राजवाडा झाला. मैत्रिणी मेल्या होत्या, त्या मामाच्या गावाला गेल्या. काजळ्या आता धुळीनं शिंकत असतो. एक खारूताईसुद्धा दिलीय सोबतीला. भागाच्या शेवटी वणू सगळ्यांना मिठी मारते. काजळ्यालासुद्धा!"

"हे ठरवलं कुणी?"

"आत्यांनी. मालकांची थोरली बहीण. मुलांना काय चालेल, काय नाही, ते त्या बघतात. त्यांचं बोलणं इतकं गोड की नाही म्हणायला जीभ वळत नाही. प्रत्येक बदलाला कारण एकच, मुलं घाबरतील. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. बाई मात्र भांडल्या."

"आणि ते दार?"

"ते काल दुपारी बाईंनी स्वतः रंगवलं. सगळं सोडलं, म्हणाल्या, पण माझ्या पुस्तकातलं एवढं दार राहील. आत्या नको म्हणाल्या. पहिल्यांदाच मालकांनी बाईंची बाजू घेतली. एक दार तर आहे, राहू दे, म्हणाले." त्यानं मोबाइल पुढे केला. "हा बघा फोटो. मी आणि वणू."

राखेबुवांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ धरला. लेखकाच्या खांद्यामागे हिरवं दार दिसत होतं. फळ्यांचं, बंद. वरच्या बाजूला जाळीची खिडकी आणि तिच्यातून येणारी उन्हाची तिरीप. बाकी काही नव्हतं.

"असल्या दाराला कोण घाबरणार?" राखेबुवा पुटपुटले.

"तेच तर," लेखक म्हणाला. "आत्यांचा चेहरा मात्र त्याच्याकडे बघून पांढराफटक पडला होता."

३

आत्यांच्या खोलीत गाद्या, लोड आणि कापडी अस्वलं होती. मुलांच्या कार्यक्रमांतून सगळ्या गावाची आत्या झालेली ही बाई साठी ओलांडलेली, गोरी, हसरी होती. राखेबुवांना त्यांनी स्वतः चहा ओतून दिला.

"बाईंना दोष देऊ नका हं," त्या आपणहून म्हणाल्या. "कलावंत माणसं. आपल्या लेकरावर जीव असतो. रागाच्या भरात होऊन जातं एखादी वेळ."

"त्यांनीच केलं असं वाटतं तुम्हाला?"

"मी कशी सांगू? पण गाल तोच जळालाय ना?"

राखेबुवांनी चहाचा घोट घेतला. फळीबद्दल ते काही बोलले नाहीत. "दारावरून काल वाद झाला म्हणे."

"झाला, लपवत नाही मी. माझं कामच आहे ते. मुलांच्या मनावर ओरखडा उठता कामा नये. रक्त नको, आग नको, रडणं नको. मूल हसत झोपलं पाहिजे." आत्यांनी मांडीवरचं अस्वल सरळ केलं. "तुम्हीच सांगा, खेळण्यांच्या राजवाड्यात कुलूप घातलेलं दार कशाला हवं? बघताक्षणी पोराला कोंडल्यासारखं होईल."

"खरं आहे," राखेबुवा म्हणाले. "कालची रात्र घरीच होतात?"

"मी? मी जाणार कुठे या वयात?" आत्या हसल्या. "किल्ली सगळ्यांकडे असते. लेखक, बाई, भाऊ, मी. थिनर तर रंगाच्या खोलीत उघड्यावरच पडलेला असतो."

राखेबुवांनी आभार मानले आणि बाहेर पडले. थिनरचा शब्द त्यांनी अजून मालकांशिवाय कुणाजवळ काढला नव्हता. पण मालक बहिणीजवळ बोलले असतील, त्यात विशेष नाही. त्यांना टोचत होतं ते दुसरंच काहीतरी. चपलेत खडा जावा तसं, जिना उतरताना ते पावलापावलाला लागत होतं.

मधल्या पायरीवर ते थांबले. वळले. धापा टाकत परत लेखकाकडे गेले.

"तो फोटो. परत दाखवा."

त्यांनी दार दोन बोटांनी मोठं केलं. फळ्या, जाळी, तिरीप. कडी नाही. कोयंडा नाही. कुलूप तर नाहीच नाही.

४

चित्रकारीण मागच्या खोलीत कोळशाच्या कांड्यांना टोक करत होती. पन्नाशीची, आखूड केसांची, नजर सरळ माणसाच्या डोळ्यांत रोवणारी बाई.

"या, पकडायला आलात?" ती म्हणाली. "सांगून ठेवते, मी जाळलं असतं तर अर्धवट सोडलं नसतं."

"ते मी राखेवरूनच ओळखलं," राखेबुवा म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "मला दाराबद्दल सांगा. पुस्तकातलं कुठलं दार ते?"

तिनं चाकू खाली ठेवला.

"वणवीचा चेहरा माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. ती बाहुल्यांच्या कारखान्यात होती, बाहुल्यांना डोळे शिवायची. आग लागली तेव्हा पुढच्या बाजूला ज्वाळा होत्या. मुली मागच्या हिरव्या दाराकडे पळाल्या. जाळीतून बाहेरचं ऊन दिसत होतं. दार हललं नाही. लोक धावले तोवर दाराची चौकट पेटली होती, म्हणून जाळी तोडून दोघीतिघींना बाहेर ओढलं त्यांनी. माझी बहीण त्यांतली. थोडे दिवस जगली. सारखं एकच म्हणायची, दार हललं नाही गं. चौकशी झाली. उष्णतेनं लाकूड फुगलं, चौकट आवळली, असं लिहिलं आणि मोकळे झाले."

"कारखाना कुणाचा?"

"याच घराण्याचा. मालकांच्या वडलांचा." तिचे ओठ घट्ट मिटले. "तुम्हाला काय वाटलं, वणवी मी पैशासाठी विकली? दुसरे मागत होते, त्यांना नाही दिली. इथे दिली. त्यांनी तिचा गाल पुसला, आग पुसली, मेलेल्या मुलींना गावाला पाठवलं, मी बघत बसले, भांडत बसले. मला बघायचं होतं, या घरातलं कोण कुठे दचकतं. लाकूड फुगलं यावर माझा एक दिवस विश्वास बसला नाही. पण दार का हललं नाही, ते आतल्या कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून काल मी ते तिनं पाहिलं तसं काढलं. आतून."

"आतून," राखेबुवा हळूच म्हणाले. "म्हणजे त्याला कुलूप असेल तर ते..."

कोळशाची कांडी तिच्या हातात मोडली.

"कुलूप?" ती उभी राहिली. "इतक्या वर्षांत कुणी कुलूप हा शब्द उच्चारला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं कुलूप?"

५

राखेबुवा स्टुलावरून उठले. आधी कामावर बोलावणाऱ्याला सांगायचं, ही त्यांची जन्माची सवय. ते तडक मालकांच्या खोलीत गेले.

"कारखाना जळाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मालकांच्या कपाळावर आठी पडली. "वसतिगृहात. शाळेत होतो. हे मध्येच काय?"

"कारखाना कोण बघत होतं?"

"वडील अंथरुणाला खिळलेले होते. ताईच बघायची सगळं. लग्नाची होती तेव्हा, पण घराची जबाबदारी उचलली तिनं."

"मग ऐका. कालच्या फळीवरचं दार साधं होतं. कुलूप नव्हतं त्याला, फोटो आहे. चित्रकथेतही नाही, मुली जळून मरतात ते काजळ्यामुळे. चौकशीत लिहिलं लाकूड फुगलं. आत अडकलेल्या मुलींना इतकंच माहीत की दार हलत नाही. आतल्या माणसाला बाहेरचं कुलूप दिसायचं कसं? आणि बाहेरून लोक धावले तेव्हा ते काढलेलं होतं, नाहीतर कुणीतरी पाहिलं असतं. म्हणजे जगात कुलूप फक्त एकाला माहीत. ज्यानं लावलं आणि गर्दी जमायच्या आत काढलं, त्याला. आज सकाळी मला एका माणसानं त्या दाराचं वर्णन केलं. कुलूप घातलेलं दार, असं."

मालकांनी विचारलं नाही कोण. त्यांचा हात टेबलाची कड चाचपत राहिला.

"जीभ घसरली असेल," ते शेवटी म्हणाले. "एका शब्दावरून तुम्ही..."

"शब्दावरून नाही. शब्द आणि आग. दार नको म्हटलं, तुम्ही ऐकलं नाहीत, रात्रीत ते जळालं. लेखक तेव्हा जन्मला नसेल. बाईंना कुलूप ठाऊकच नव्हतं, मघाशी त्यांचा चेहरा मी पाहिला."

"कोर्टात टिकेल हे?"

"नाही," राखेबुवांनी कबूल केलं. "अर्धा दिवसही नाही."

"मग झालं तर." मालक उठले. "तिनं मला आईसारखं वाढवलंय. संध्याकाळी शंभर पोरं येणार आहेत. तुमची सकाळची हजेरी झाली असं समजा आणि जा."

राखेबुवांनी दार उघडलं. बाहेर भिंतीला टेकून चित्रकारीण उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडेल, आत घुसेल, असं वाटून राखेबुवांनी नकळत हात आडवा केला.

तिनं तो शांतपणे बाजूला सारला.

"मालक," ती उंबऱ्यातून म्हणाली, "संध्याकाळी मुलांसमोर मी वणू काढून दाखवायची, असं छापलंय ना पत्रिकेवर? मी येते. वेळेवर येते."

मालकांना नाही म्हणायला कारण सापडेना.

६

सभागृह गच्च भरलं. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप. जळका पुतळा पडद्याआड लपवला होता. आत्या माइकवरून मुलांना टाळ्या वाजवायला लावत होत्या. राखेबुवा कडेच्या खांबाला टेकून उभे राहिले. घरी जावंसं वाटत होतं, पण पाय निघत नव्हते.

"आणि आता बाई आपल्याला लाडकी वणू काढून दाखवणार!"

चित्रकारीण मोठ्या पांढऱ्या कागदापुढे आली. कोळसा झरझर चालू लागला. वेण्या आल्या नाहीत, मोकळे केस आले. चांदणी आली नाही. डाव्या गालावर तिनं कोळसा आडवा घासला आणि अंगठ्यानं फिरवला.

"हिचा गाल असा का?" पुढून एक मुलगी ओरडली.

"भाजला."

"दुखतो?"

"खूप दुखला. मग राग आला."

मुलं गुडघ्यांवर पुढे सरकली. आत्या माइक घेऊन लगबगीनं पुढे आल्या. "बाई, मुलं घाबरतील."

"आम्ही नाही घाबरत!" चारपाच आवाज आले.

"ती पळाली का नाही?" एका मुलानं विचारलं.

"पळाली. सगळ्या मुली पळाल्या. एक दार होतं." चित्रकारिणीनं वणवीच्या शेजारी दार काढलं. फळ्या, जाळी. "खूप ढकललं. हललं नाही."

"का?"

"ते मला माहीत नाही. मला आतलीच बाजू माहीत आहे. बाहेरची आत्याला माहीत आहे." तिनं कोळशाची कांडी आत्यांपुढे धरली. "आत्या, तुम्ही सकाळी सांगितलंत ना, या दाराला काहीतरी होतं म्हणून. काढा. मुलं विचारताहेत."

आत्या हसत राहिल्या, पण ते हसू आता चेहऱ्यावर नुसतं टांगलेलं होतं. पहिल्या रांगेत मालक अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

"काढ ना आत्या!" मुलगी म्हणाली.

"मुलींना बाहेर येऊ दे ना!"

"दार उघड, आत्या!"

कुणी शिकवलं नव्हतं, पण मुलांना खेळ सापडला होता. शंभर गळे एका तालात ओरडू लागले. दार उघड! दार उघड! हात आपटत, पाय आपटत, लालबुंद होऊन. एकही रडत नव्हतं. मागचे आईबापही हसत ठेका धरू लागले, त्यांना कल्पनाच नव्हती. चित्रकारीण कांडी धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत दयेचा मागमूस नव्हता.

आत्यांनी कांडी घेतली. कागदाला टेकवली. त्यांनी जे काढलं ते ओळखता येत होतं. एक चौकोन, वर वाकडी कडी.

मुलं एकदम गप्प झाली.

"मुली डोळे चोरायच्या," आत्या म्हणाल्या. माइक हातातच होता, ओठांजवळ. "बाहुल्यांचे. काचेचे. खिशात घालून न्यायच्या मागच्या दारानं. म्हणून मी लावायचे. रोज लावायचे, जेवायला जाताना, कुणाला कळू न देता. त्या दिवशी जेवायला गेले. परत आले तर... आत धडाधड आपटत होत्या. किल्ली माझ्याजवळ होती. मला वाटलं, आता उघडलं तर सगळ्यांना कळेल मी लावलं होतं. मी थांबले. आवाज बंद झाल्यावर काढलं."

शेवटचं वाक्य भिंतींवरच्या कर्ण्यांतून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

कुणीतरी खुर्चीवरून उठून आपल्या मुलीला कडेवर घेतलं. मग दुसरं, तिसरं. मालक व्यासपीठावर चढले. बहिणीच्या हातातून त्यांनी माइक घेतला, कांडी घेतली, पण तिला हात लावला नाही. "गाडी आणतो," एवढंच म्हणाले. "चौकीवर मीच येतो सोबत." निम्म्या आईबापांचे मोबाइल चित्रकलेसाठी आधीच चालू होते. ते शब्द आता कुणालाही परत घेता येणार नव्हते.

आत्या मधल्या वाटेनं बाहेर निघाल्या. लोक दोन्ही बाजूंना सरकले. चित्रकारीण दाराशी जाऊन उभी राहिली होती. ती वाटेतून हलली नाही. आत्यांना तिच्या अगदी अंगाजवळून, अंग चोरून जावं लागलं. चित्रकारिणीनं त्यांच्या तोंडाकडे शेवटपर्यंत पाहिलं.

सभागृह रिकामं झाल्यावर राखेबुवा तिच्यापाशी गेले. ती पायरीवर बसून मोबाइलवर कुणाला तरी मोठमोठ्यानं हाका मारत होती. पलीकडे ऐकायला कमी येत असावं. त्यामुळे तिकडचं बोलणंही ओरडून, राखेबुवांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"आई, ऐकतेस ना? दाराला कुलूप होतं. बाहेरून."

पलीकडून म्हातारा, चिरका आवाज आला. "म्हणजे थोरलीनं ढकललं होतं?"

"ढकललं होतं गं. सगळ्यांनी मिळून ढकललं होतं."

"कुणी लावलं होतं?"

तिनं सांगितलं.

"मेली का ती?"

"नाही. आहे."

"बरं झालं," आई म्हणाली. "जगू दे तिला. पुष्कळ जगू दे."